पहिला पेला

डोमाजीला निवांत बसलेला मी कधी पाहिला नाही. बसायचा तो उकिडवा, आणि कोणी हाक मारायच्या आत उठून उभा. भाकर खाताना अर्धं लक्ष भाकरीवर आणि अर्धं जिनाच्या पत्र्यावर. "काय पाहून राह्यला, डोमाजी?" विचारलं की म्हणायचा, "काई नाई बाबूजी. धूर त नाई ना, पाह्यलं." धूर नसायचाच. पण तो नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

पांढरकवड्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी तेव्हा काट्यावर कारकून होतो. दिवाळी झाली की सिझन सुरू व्हायचा. केळापूर, मुकुटबनकडच्या कापसाच्या गाड्या पहाटेपासून फाटकाबाहेर लागायच्या. मी कापूस तोलायचा आणि माझ्या पुढचं काम डोमाजीचं. जिनावरच्या बायांकडे जाण्याआधी सगळा कापूस त्याच्या हाताखालून जायचा. त्यातले खडे, खिळे, बैलाच्या नालेचे तुकडे तो वेचून बाजूला टाकायचा. जिनाच्या सुरीवर एक खडा आपटला तरी ठिणगी उडते, आणि कापसाला ठिणगी पुरते. हे काम घाबरट माणसानंच करावं असं होतं. आमच्या मालकानं माणसं निवडताना बऱ्याच चुका केल्या, ही एक निवड मात्र बरोबर केली.

त्याचे दोन नियम होते आणि ते तो मालकालाही लावायचा. पहिला, आत येणाऱ्याचे खिसे पाहायचे. मालकाचे व्याही एकदा रेशमी कोट घालून जिन बघायला आले. हा हात जोडून समोर उभा. "काडीपेटी असन त द्या जी." मालक लालबुंद झाले. व्याह्यांनी हसत खिशात हात घातला आणि एक नाही, दोन काडीपेट्या निघाल्या. डोमाजीचा चेहरा असा पडला की त्या दोन्ही पेटून चुकल्या आहेत असं कोणालाही वाटावं. त्या दिवशी तो भाकर न खाता पत्र्याकडे बघत बसला. दुसरा नियम, ओल्या हातानं कापसाला शिवायचं नाही. ओल्या हाताला रुई चिकटते आणि मग बोटांना खडा लागत नाही. पाणी प्यायल्यावर तो हात धोतराला पुसायचा, फुंकर घालायचा, पुन्हा पुसायचा, आणि मगच ढिगाकडे वळायचा. बाया त्याला हसायच्या. सगळ्यात जास्त हसायची रूपली. ती बंजारा, जवळच्या तांड्यावरून यायची. तिच्या हातभर बलोयांचा, त्या जाड पांढऱ्या बांगड्यांचा, आवाज जिनाच्या घरघरीतूनही ऐकू यायचा. "डोमाजी भिया, हात सुके झाले का?" ती ओरडायची, भिया म्हणजे त्यांच्यात भाऊ, आणि हा खरोखर हात तपासून "हो" म्हणायचा.

पाण्याचं नाव निघालं म्हणजे रामभाऊंचं सांगायला हवं. रामभाऊ प्रेसवर मिस्तरी होते. गाठी बांधायच्या त्या यंत्राशी झगडून त्यांचे दंड लोखंडासारखे झाले होते आणि आवाजही तसाच. जिनात युनियन काढली ती त्यांनी. त्याआधी आवारात पाण्याचे माठ दोन असायचे. एकाला सगळे हात लावायचे. दुसरा डोमाजी आणि त्याच्या वाड्यावरच्या लोकांसाठी, बोरीखाली, झाकणसुद्धा फुटकं. युनियनची पहिली मागणी होती की माठ एकच पाहिजे. मालक म्हणाले, "मी ठेवीन हो, पण तुमचीच माणसं पिणार नाहीत." दुपारच्या सुट्टीत रामभाऊंनी सगळ्यांना कडुलिंबाखाली उभं केलं, डोमाजीला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "भर पेला." डोमाजीनं चांगल्या माठातून पेला भरला. माठाला हात लागू नये म्हणून त्यानं तो इतका लांबून धरला की निम्मं पाणी मातीत गेलं. उरलेलं रामभाऊ सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले आणि मिशा पुसत म्हणाले, "आता कोन नाई पेत ते सांगा मले." बोरीखालचा माठ त्याच दिवशी फुटला.

तेव्हापासून रीतच पडली. सिझनच्या पहिल्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी डोमाजीनं पहिला पेला भरायचा आणि रामभाऊंनी तो प्यायचा. त्यानंतर बाकीच्यांनी. त्या दिवशी डोमाजी नवीन टोपी घालून यायचा आणि पेला चार चार वेळा विसळायचा.

छप्पन साली उन्हाळ्यात, सिझन उठताना, रामभाऊंनी युनियन पक्की करायची ठरवलं. मालक माणसं फोडत होते. कडुलिंबाखाली ताटात बेल आणि भंडारा ठेवला आणि एकेकाकडून उचलून घेतला, युनियन सोडणार नाही म्हणून. बेलभंडारा उचलणं म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. तो उचलून फिरलेल्याच्या घरी काय काय झालं याच्या गोष्टी प्रत्येकाला पाठ होत्या. डोमाजीनंही उचलला. त्याच्या बोटांना लागलेली हळद मला अजून दिसते.

त्याच वर्षी दसऱ्याला डोमाजीचा सगळा वाडा नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. घरातले देव काढून टाकायचे ठरलं. कोणी आडात टाकले, कोणी उकिरड्यावर. डोमाजीनं आपले देव फडक्यात बांधले आणि गावाजवळच्या खुनी नावाच्या नदीवर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा जाऊन पाहून आला, वाळूत उघडे पडले तर नाहीत ना म्हणून. त्याची बायको भागी माझ्या बायकोजवळ तणतणत होती. "दगडच होते ना म्हनते, मंग पाहाले काहून गेलते?" मी डोमाजीला विचारलं तर म्हणाला, "दगड त दगड, बाबूजी. पन इतके दिवस घरात होते. सोडाचंच हाये त सांगून सोडा लागते. म्या सांगतलं त्यायले, की आमी जातो आता." मला हसू आलं. त्याला बिलकूल आलं नाही.

पुढच्या तीन-चार सिझनमध्ये रामभाऊ बदलले. एकदम नाही, जसा माणूस जाड होतो तसे हळूहळू. मालकाच्या ओट्यावर त्यांच्यासाठी खुर्ची आली. मागण्या ऑफिसच्या दाराआड ठरायला लागल्या. लोक बोलायचे, पण बेलभंडारा आठवला की गप्प बसायचे. आणि मग एका दुपारी रूपलीचा उजवा हात जिन फिरवणाऱ्या पट्ट्यात गेला. जिन थांबवायला पळालेल्यांमध्ये डोमाजी होता. पट्ट्याखालून तिला ओढून काढली तीही त्यानंच. अंगठा आणि पहिलं बोट राहिलं, बाकीचं गेलं. पट्ट्याला जाळी लावा म्हणून बाया दोन वर्षं ओरडत होत्या. रामभाऊ मालकाकडून बाहेर आले आणि म्हणाले, "बाईची चूक हाये. बलोया काहून घातल्या होत्या? जाळीचं पुढच्या सिझनले पाहू." हे ऐकताना मी काट्याजवळ उभा होतो. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी मान खाली घातली.

त्याच महिन्यात नागपूरचे एक वकील यायला लागले. त्यांची दुसरी युनियन होती. तांड्याजवळच्या चिंचेखाली त्यांनी बैठक घेतली. चांगले बोलायचे. "कामगारानं कोणत्या युनियनमध्ये राहायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं. हा हक्क कायद्यानं दिला आहे. आज एका युनियनमध्ये आहात, उद्या दुसऱ्या युनियनमध्ये जा. कोणाची परवानगी लागत नाही. त्यासाठी कोणी कामावरून काढूही शकत नाही. लेबर ऑफिसर येऊन प्रत्येकाला विचारणार आहेत. नव्या युनियनचं नाव सांगा, संपलं. आमची माणसं जास्त निघाली की जाळीचं आणि या बाईच्या भरपाईचं मी बघतो."

लोकांनी माना हलवल्या. मग एक म्हातारा उठून म्हणाला, "वकीलसाहेब, कायदा बराबर हाये. पन आमी बेलभंडारा उचलला हाये ना." वकिलांना हे काय ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते हसले, आणि त्यांच्या हसण्यानं निम्मी माणसं उठून गेली.

उरलेल्यांनी डोमाजीला धरलं. सगळ्यांचा हिशेब सरळ होता. डोमाजीनं ते देव सोडले, म्हणजे त्या भंडाऱ्याची बाधा त्याला नाही. वाड्यावरचेही त्याच्याकडेच बघत होते, म्हणून त्यानं आधी नाव सांगावं. त्याचं काही वाईट झालं नाही की मग आपण सांगू. इतकी वर्षं ज्याला भित्रा म्हणून हसले, त्यालाच आता सगळ्यांनी पुढे ढकललं. तिथून उठून डोमाजी माझ्याकडे आला. ओट्यावर उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला.

"बाबूजी, हे सारे म्हनते की तुले बाधा नाई."

"मग? खरंच आहे ना?"

"देवाची नाई. पन म्या उचलला तवा रामभाऊ समोर होते ना. त्यायनं पाह्यलं. देव गेले, रामभाऊ त हायेतच."

मी त्याला पुष्कळ समजावलं. रामभाऊच कसे बदलले, रूपलीचा हात, कायदा. सगळं त्याला मान्य होतं. नव्या युनियनमध्ये जायचं हेही त्याचं ठरलं होतं. त्याला झोप येत नव्हती ती जावं की नाही म्हणून नाही, तर कसं जावं म्हणून. शेवटी म्हणाला, "सांगून सोडतो. तुमी फक्त माह्यासंगं उभे राहा."

ऑफिसर यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही रामभाऊंच्या घरी गेलो. मी कारकून, मला दोन्ही युनियनमध्ये जागा नव्हती. त्यामुळे मी कुंपणाच्या फाटकाशी उभा राहिलो. रामभाऊ अंगणात पाय धूत होते. डोमाजीनं टोपी काढून हातात घेतली.

"भाऊ, उद्या मी दुसऱ्या युनियनचं नाव सांगीन. तुमाले मांगून कोनापासून समजू नये म्हनून आलो. तुमच्यासमोर शबूद देल्ला होता. त्यातून मले मोकळं करा."

रामभाऊंचा तांब्या हातातच राहिला. "तू त देव सोडले ना? मंग भंडाऱ्याचं तुले काय?"

"भंडाऱ्याचं काई नाई. तुमी माह्या हातचं पानी पेले होते."

"आन् तरी चालला?"

डोमाजीनं हातातल्या टोपीची घडी केली. "मी कापसातला खडा काढतो, भाऊ. पट्टा नाई काढता येत मले. रूपलीले म्या ओढलं तवा तिची बोटं मांगंच राह्यली."

घरातून रामभाऊंची बायको दारापर्यंत आली आणि परत गेली. मग रामभाऊ म्हणाले, "कायदा तुह्या बाजूनं हाये. जा. पन मी मोकळं नाई करत तुले. मी जित्ता हावो तवरीक नाई." आणि त्यांनी उरलेलं पाणी स्वतःच्या पायावर ओतलं.

परतताना नदीच्या पुलावर डोमाजी म्हणाला, "चुकलो काय जी?" मी नाही म्हणालो. पण वकिलांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. ऑफिसर येईपर्यंत कोणाला कळवायची गरज नव्हती, आणि यानं आदल्या दिवशीच स्वतः जाऊन सांगून टाकलं. दिवस उजाडायच्या आत रामभाऊंची माणसं घरोघर फिरून आली होती. कोणाला म्हणाले पुढच्या सिझनला बोलावणं येणार नाही, कोणाला म्हणाले पोरंबाळं आहेत, भंडाऱ्याचं लक्षात ठेवा. सकाळी फाटकाशी माणसं आली ती एकमेकांकडे न बघता. आता एकटा डोमाजीच उरतो की काय, असं मला वाटायला लागलं.

कडुलिंबाखाली टेबल मांडलं होतं. त्याच कडुलिंबाखाली. ऑफिसर तरुण होते, घाम पुसत होते. रामभाऊ जरा लांब, ओट्यावरच्या खुर्चीवर नाही, उभेच. नाव पुकारलं तसा डोमाजी पुढे गेला. आधी त्यानं सवयीनं ऑफिसरांच्या खिशाकडे पाहिलं.

"कोणत्या युनियनमध्ये आहेस?"

"रामभाऊच्या होतो. आता नव्या युनियनमंदी."

"कोणी दाब आणला?"

"नाई जी."

"म्हणजे स्वखुशीनं?"

डोमाजी थांबला. मला वाटलं हा आता मागं फिरतो. त्यानं एकवार रामभाऊंकडे पाहिलं आणि म्हणाला, "राजी हावो साहेब. खुशी नाई."

ऑफिसरांना ते समजलं की नाही कोण जाणे. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. ते रूपलीचं होतं. ती ओढणी सावरत आली आणि उजवा हात टेबलावर ठेवला. "मी बी नव्या युनियनमंदी. कोनी सांगतलं नाई मले, साहेब. हा हात सांगते." तिच्यामागून तांड्यावरच्या बाया आल्या, मग वाड्यावरचे लोक. तो म्हाताराही आला, डोळे घट्ट मिटून नाव सांगितलं आणि पडला नाही म्हणून स्वतःच चकित झाला. सगळे आले नाहीत. पण पुरेसे आले.

पुढच्या दिवाळीनंतर पट्ट्यांना जाळी बसली. रूपलीच्या भरपाईसाठी वकिलांना दोन वर्षं खेटे घालावे लागले, पण ती मिळाली. डोमाजीला मात्र त्या सिझनला बोलावणंच आलं नाही. मुकादम सगळ्या वाड्यात फिरला आणि त्याचं घर सोडून गेला. मालक म्हणाले, "काढलं कुठं? सिझनचा माणूस. बोलावलं नाही, इतकंच." भागीनं रडून घर डोक्यावर घेतलं. डोमाजी रोज सकाळी यायचा आणि फाटकाबाहेर, गाड्यांच्या बैलांजवळ उकिडवा बसायचा. मी बाहेर गेलो की विचारायचा, "माह्या जागी कोन बसोलं? त्याले खडा दिसते ना?" आणि मान वर करून पत्र्याकडे बघायचा. ज्या जिनानं त्याला बाहेर ठेवलं त्याच्यातून धूर निघू नये, ही त्याची काळजी. मला त्याची चीड यायची आणि रडूही यायचं. शेवटी वकील आणि लेबर ऑफिसर दोघं आले. युनियन बदलली म्हणून माणसाला असं टाळणं हेही काढण्यासारखंच, असं त्यांनी मालकाला बजावलं. थंडी सरायच्या आधी डोमाजी आत आला.

आत आल्यावर तो आधी माठाकडे गेला. पहिल्या दिवसाचा पेला राहिला होता, तो त्यानं विसळून भरला. रामभाऊ प्रेसकडे जाताना माठावरून गेले, त्यांनी पाहिलं, आणि थांबले नाहीत. पेला झाकणावर तसाच राहिला. दुपारी डोमाजीनं ते पाणी कडुलिंबाला घातलं. त्यानंतर दर सिझनला हेच. भोंग्याच्या आधी तो पेला भरायचा, रामभाऊ निघून जायचे, दुपारी झाडाला पाणी. वकिलांनी एकदा चिडून विचारलं, "अहो, हक्क होता तुमचा. अजून कसली टोचणी?" डोमाजी म्हणाला, "हक्क होता जी," आणि हात पुसत ढिगाकडे गेला.

मी त्याला शेवटचं पाहिलं तो दिवस सांगतो. मालकाच्या आर्वीच्या जिनात माझी बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं. त्या सिझनचा पहिला दिवस म्हणून मी जिनात गेलो. रामभाऊंना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. मालकानं नवा मिस्तरी ठेवला, ओट्यावरची खुर्ची कधीच उचलली होती. रामभाऊ फाटकाशी आले तेव्हा त्यांना ओळखायला मला एक क्षण लागला. काठी, एक पाय ओढत. डोमाजी त्यांच्यासमोर गेला आणि त्यांचे दोन्ही खिसे चाचपले. "काडीपेटी नाई ना, भाऊ?" रामभाऊंनी मान हलवली. ते प्रेसकडे गेले नाहीत. सरळ माठाकडे गेले आणि काठी झाडाला टेकवली.

डोमाजीनं पेला दिला. रामभाऊंनी तो बऱ्या हातात घेतला आणि अर्धा प्यायले. मग म्हणाले, "हात कर." डोमाजीला समजेना. "हात कर म्हन्तो ना." त्यानं उजवा तळहात पुढे केला. रामभाऊंनी राहिलेलं पाणी सावकाश, धार न तुटू देता, त्या तळहातावर सोडलं. दान देताना किंवा हक्क सोडताना आमच्याकडे असंच पाणी सोडतात. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो माठावर पालथा घातला, काठी घेतली आणि फाटकाकडे वळले.

भोंगा झाला. आत जिन सुरू झाले, गाड्या खाली होऊ लागल्या, ढीग पुढे सरकायला लागला. डोमाजी तळहात तसाच पुढे धरून उभा होता. धोतराला पुसला नाही, फुंकर घातली नाही. आतून रूपलीनं सवयीनं हाक दिली, "डोमाजी भिया, हात सुके झाले का?"

त्यानं उत्तर दिलं नाही. ती बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्याच्या जागेवर बसून आपल्या दोन बोटांनी खडे वेचायला लागली. मी निघालो तेव्हाही हात वाळलेला नव्हता. डोमाजी त्याच्याकडेच बघत होता, आणि पत्र्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.